आमच्या वाड्यांतलें शनिवारचें घर

गेल्या वैशाखांत आमचे धाकटे चिरंजीव सपत्नीक बंगलोरास बिऱ्हाड करावयास निघाले. खामगांवांतील आमच्या जुन्या वाड्यांत आज तीन भावांचीं कुटुंबें नांदत आहेत. चुली निराळ्या झाल्या तरी देवघर एकच आहे, आणि श्राद्धपक्षाची पंगत अद्याप एकच बसते. अशा घरांतून बाहेर पडणारें हें पहिलेंच बिऱ्हाड. निघण्यापूर्वीं आठ दिवस सूनबाई माझ्यासमोर वही घेऊन बसली व म्हणाली, “मामंजी, आपल्या घरचे कुलाचार मला नीट सांगा. तिकडे विचारावयास जवळ कोणी असणार नाहीं.”

छत्तीस वर्षें शाळामास्तरकी केलेल्या माणसाला असा विद्यार्थी मिळाला म्हणजे काय होतें, हें वाचकांना सांगावयास नको. नव्या पिढीच्या तोंडून ‘कुलाचार’ हा शब्द ऐकून मला धन्यता वाटली, आणि मीं दोन दिवस बसून चार फुलस्केप पानें लिहून काढलीं. चैत्रगौरीपासून फाल्गुनांतल्या होळीपर्यंत एकंदर बत्तीस कलमें झालीं. सूनबाईनें तीं सगळीं शांतपणें वाचलीं. मग जरा अडखळत ती म्हणाली, “मामंजी, आम्हीं दोघेंही नोकरी करणार. हें सारें माझ्यानें होईल असें मी खोटें सांगणार नाहीं. तेव्हां यांतलें काय सुटलें तर चालेल, आणि काय सुटलें तर आपलें घर आपलें राहणार नाहीं, तेवढें सांगा.”

खरें सांगतों, मला प्रथम रागच आला. बत्तीस कलमांत कमी-अधिक महत्त्वाचें कोणतें, हा विचार माझ्या मनाला कधीं शिवलाच नव्हता. त्या रात्रीं झोंप येईना म्हणून ओसरीवर येऊन बसलों. अंगणापलीकडे ज्या दोन खोल्यांत आतां पुतण्याची मोटारसायकल व घरची अडगळ असते, तिकडे सहज दृष्टि गेली. आणि हाच प्रश्न त्या दोन खोल्यांत पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीं विचारला गेला होता, हें मला एकदम आठवलें.

त्या खोल्यांत एक बेने इस्राएल कुटुंब भाड्यानें राहत असे. तें आमच्याकडे आलें १९६३ सालीं. मी त्या वेळीं चार वर्षांचा. त्यामुळें प्रारंभीच्या गोष्टी मला वडिलांच्या तोंडून ऐकूनच ठाऊक. कुटुंबप्रमुख रेल्वेच्या मालधक्क्यावर बाबू होते. जलंबहून खामगांवास जो रेल्वेचा लहानसा फाटा येतो, तो मुळांत कापसासाठींच घातलेला. हंगामांत गाठींनीं धक्का भरून जात असे. त्यांचें मूळ गांव पेणकडचें. भाषा आपलीच मराठी, किंचित् कोंकणी हेलाची. बाईंच्या गळ्यांत मंगळसूत्र, हातांत हिरव्या बांगड्या. नांवें तेवढीं निराळीं.

वडिलांनीं खोल्या द्यावयाचें कबूल केलें. परंतु आजी अडून बसली. वाड्यांत मांसमत्स्य शिजतां कामा नये, अशी तिनें अट घातली. त्यांनीं ती तत्काळ मान्य केली. मग त्या बाईंनीं नम्रपणें आपलीही एक अट सांगितली. शुक्रवारीं दिवेलागणीपासून शनिवारीं चांदण्या दिसेपर्यंत आमच्या चुलींत जाळ होणार नाहीं, आणि आम्ही पैशाला हात लावणार नाहीं. यासाठीं महिन्याची पहिली तारीख शनिवारीं आली तर भाडें रविवारीं घ्यावें. वडील सांगत, कीं हें ऐकून आजी कांहीं वेळ त्यांच्याकडे पाहतच राहिली. जिनें जन्मभर सोवळें पाळलें, तिला दुसऱ्याचें सोवळें ओळखावयास वेळ लागला नाहीं. “राहूं देत,” एवढेंच ती म्हणाली.

पुढें सहा वर्षें तें घर मीं पाहिलें. शुक्रवारीं दुपारपासून त्यांच्याकडे धांदल असे. दोन दिवसांचा स्वयंपाक उरकावयाचा, पाणी भरावयाचें, भांडीं घासून पालथीं घालावयाचीं. संध्याकाळीं काचेच्या पेल्यांत पाणी, त्यावर तेल व तेलांत वात असा दिवा सिद्ध होई. काकू (आम्हीं मुलें त्या बाईंना काकू म्हणत असूं) डोक्यावरून पदर घेऊन तो दिवा लावीत. मग बाबू काळ्या मनुका भिजवून केलेल्या शरबताचा पेला हातांत घेऊन हिब्रू प्रार्थना म्हणत. त्यांचा धाकटा मुलगा माझा सवंगडी. त्याला प्रार्थनेतले दोनच शब्द पक्के येत, ‘शमा इस्राएल’, तेवढे तो अशा आवेशानें म्हणे, कीं आजी देवघरांतून म्हणावयाची, “झाली वाटतें त्यांची आरती!” परमेश्वर एकच आहे, ही ग्वाही देणारा तो मंत्र आहे, हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें.

सारेंच यथासांग चाले असें नव्हे. सार्वजनिक प्रार्थनेला त्यांच्या धर्मांत निदान दहा प्रौढ पुरुष लागतात. खामगांवांत दहा कोठून आणावयाचे? कापसाच्या हंगामांत शनिवारची रजाही मिळत नसे. बाबू मुकाट्यानें डबा घेऊन धक्क्यावर जात. परंतु त्या दिवशीं घरांतला शनिवार अधिकच कडक पाळला जाई. पुरुषाचा मोडला तो घरानें सांभाळावयाचा, असा जणूं अलिखित करार होता.

त्यांच्या सणांचीं मराठी नांवें ऐकून आजीला मोठी मौज वाटे. वर्षप्रतिपदा तो ‘नव्याचा सण’. त्या दिवशीं गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधांत हलवा करीत. यरुशलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा जो दुखवटा, त्याचें नांव ‘बिरड्याचा रोजा’, कारण त्या उपवासाशीं वालाच्या बिरड्याची सांगड पडलेली. वल्हांडणाच्या सणाला जुन्या काळीं म्हणत ‘अनशी धाकण्याचा सण’, म्हणजे आंबवणाचें भांडें झांकून ठेवावयाचा सण. प्रायश्चित्ताचा जो कडकडीत उपवास, तो ‘दारफळणीचा सण’. काकू सांगत, कीं त्यांच्या आजीच्या वेळीं त्या दिवशीं स्नान करून, पांढरीं वस्त्रें नेसून, दार लावून सारें घर आंत बसे व परक्या माणसाचा स्पर्शही होऊं देत नसे. हें ऐकून आमची आजी म्हणाली, “म्हणजे त्या दिवशीं आम्हींच ओंवळे म्हणावयाचे!” आणि दोघीही पदर तोंडाला लावून हसल्या.

मोठेपणीं या लोकांविषयीं जें मिळेल तें मीं वाचीत गेलों. त्यांची परंपरा सांगते, कीं सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागेजवळ नवगांवच्या किनाऱ्यापाशीं फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वांचल्या. ग्रंथ समुद्रांत गेले. पुढें भाषाही गेली. ते कोंकणांत तेलाचे घाणे चालवूं लागले, आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत म्हणून लोकांनीं त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलें. गांवावरून आडनांवें पडलीं: केहीमकर, दिवेकर, रोहेकर, झिराडकर, चेऊलकर. सॅम्युएलचा सामाजी झाला, आयझॅकचा इसाजी झाला, मोझेसचा मुसाजी झाला. राहिलें तें इतकेंच: शनिवार, मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे नियम, कांहीं सण आणि तो एक मंत्र.

या लोकांत एक कथा सांगतात. कोचीनकडील डेव्हिड रहाबी नांवाचे एक यहुदी गृहस्थ कोंकणांत आले. हे लोक आपलेच असावेत असा त्यांना संशय आला. पण पुरावा काय? त्यांनीं बायकांपुढें नाना तऱ्हेचे मासे ठेवले व रांधावयास सांगितलें. बायकांनीं खवले व पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले व बाकीचे बाजूला सारले; धर्मशास्त्राप्रमाणें हेच काय ते भक्ष्य. रहाबींची खात्री पटली. मग त्यांनीं तीन तरुणांना धर्मविधि शिकविले, व तेच पुढें समाजाचे काजी झाले. या कथेंत इतिहास किती व दंतकथा किती, याचा निवाडा विद्वान् करोत. परंतु मला तींतली एक गोष्ट फार मोलाची वाटते. परीक्षा घेतली ती पुरुषांच्या पाठांतराची नव्हे, बायकांच्या स्वयंपाकाची. आणि सारा समाज उत्तीर्ण झाला तो त्यांच्यामुळें.

एकदां घर टिकलें म्हणजे मंदिर मागाहून बांधतां येतें, ग्रंथही मागाहून मिळवितां येतात. सॅम्युएल इझिकिएल, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, हे कंपनीच्या फौजेंतले अधिकारी. टिपूच्या कैदेंतून सुटून आल्यावर त्यांनीं १७९६ सालीं मुंबईंत या समाजाचें पहिलें प्रार्थनामंदिर बांधलें. हे लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणत; मुंबईच्या मस्जिद स्टेशनचें नांव त्यावरूनच पडलें असें सांगतात. १८३२ सालीं जॉन विल्सन यांनीं मराठींतून हिब्रूचें व्याकरण छापलें. १८७४ सालीं पुण्यास वल्हांडणाची पोथी मराठी भाषांतरासह व चित्रांसह निघाली. त्या चित्रांत लुगडीं नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करतांना दाखविल्या आहेत. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांनीं हिब्रू प्रार्थना मराठींत आणल्या. १८८० च्या सुमारास तर बायबलांतल्या आख्यानांवर मराठी कीर्तनें होऊं लागलीं. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनीं १८७५ सालीं मुंबईंत मुलांसाठीं शाळा काढली. पुढें याच समाजांतून डॉ. एलिजा मोझेस हे १९३७ सालीं मुंबईचे महापौर झाले, आणि डॉ. जेरुशा झिराड यांनीं कामा इस्पितळांत हजारों बायांचीं बाळंतपणें सुखरूप पार पाडलीं. ज्यांच्याजवळ एके काळीं एक मंत्र व एक वार एवढेंच भांडवल उरलें होतें, त्यांचा हा संसार!

आतां आमच्या वाड्याकडे वळूं. १९४८ सालीं इस्राएलचें राज्य स्थापन झालें आणि हे लोक तिकडे जाऊं लागले. येथें त्यांचा कोणीं छळ केला म्हणून नव्हे. या देशांत त्यांचा छळ कधींच झाला नाहीं, हें ते स्वतःच अभिमानानें सांगतात. परंतु प्रार्थनेंत पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीचें नांव घेतलें ती साद घालीत होती. शिवाय नात्यागोत्यांतले लोक एकेक करून जाऊं लागले, तेव्हां मागें राहणाऱ्यांना मुलामुलींचीं लग्नें कोठें करावयाचीं ही चिंता पडली. बाबूंचेही दोन भाऊ पुढें गेले होते.

तिकडचा मार्गही फुलांचा नव्हता. आरंभीं गेलेल्यांपैकीं कांहींजणांना तेथें अपमानाची वागणूक मिळाली. त्यांनीं धरणें धरलें आणि १९५२ च्या सुमारास ते भारतांत परतही आले. पुढें १९६२ सालीं तेथील मुख्य धर्मपीठानें असा हुकूम काढला, कीं बेने इस्राएल वधूवरांचें लग्न इतर यहुद्यांशीं लावण्यापूर्वीं त्यांच्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. दोन हजार वर्षें ज्यांनीं परक्या मुलखांत शनिवार पाळला, त्यांनाच स्वतःच्या घरीं ‘तुमचा दाखला काय?’ असें विचारलें गेलें. वडील सांगत, कीं हें वर्तमान समजल्यावर बाबूंनीं जाण्याचा बेत रहित केला. “येथें तुमच्या मातुःश्रींनीं मला दोन मिनिटांत ओळखलें, आणि तेथें माझी परीक्षा व्हावयाची!” हे त्यांचे उद्गार वडिलांच्या कायमचे ध्यानांत राहिले. त्या समाजानें यरुशलेमांत धरणें धरलें, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील लोकसभेनें, क्नेसेटनें, हे लोक सर्वार्थानें यहुदीच आहेत असें घोषित केलें. धर्मपीठासही पुढें आपला हुकूम बदलणें भाग पडलें. मग बाबूंचें मन पुन्हां तयार झालें.

१९६९ सालीं त्यांचें जाणें ठरलें. आठ दिवस आधीं त्या दोन खोल्यांत पसारा मांडला गेला, आणि नवरा-बायकोंत तोच वाद सुरू झाला जो आमच्याकडे गेल्या वैशाखांत झाला. विमानानें जावयाचें, सामानाचें वजन मोजकें. काय न्यावयाचें? बाबूंच्या यादींत मुलांचे गरम कोट होते, पुस्तकें होतीं, रेल्वेचीं प्रशस्तिपत्रें होतीं. काकूंनीं मात्र नारळ खवावयाची विळी गोणपाटांत गुंडाळून मधोमध ठेवली. बाबू म्हणाले, “अग, तिकडे सुऱ्या मिळतात.” काकू कांहीं बोलल्या नाहींत, विळी काढून बाजूला ठेवली. आजी ओसरीवरून पाहत होती. ती तेथूनच म्हणाली, “अहो बाबू, एक कोट कमी न्या, पण विळी राहूं द्या. उभ्यानें कापून-चिरून घर बसत नसतें.” बाबूंनीं निमूटपणें एक कोट बाहेर काढला. तो पुढें मीं दोन हिंवाळे वापरला.

निघण्याच्या आदल्या दिवशीं त्यांनीं मलिदा केला. नवें घर, लग्न, प्रवास, दुखण्यांतून उठणें, अशा प्रसंगीं एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नांवानें हा विधि करतात. अलिबागेजवळ खंडाळे गांवीं खडकावर त्यांच्या रथाची खूण उमटली आहे, अशी या लोकांची श्रद्धा आहे. भिजवलेले पोहे, गूळ, ओलें खोबरें, वेलची यांचें तबक, भोंवतीं फळें. मग प्रार्थना, आणि प्रत्येक फळाचा मान घेऊन प्रसाद. आपल्या सत्यनारायणाची आठवण व्हावी असा तो थाट. आम्हीं मुलांनीं ओंजळी भरून खाल्ला. काकूंनीं आजीपुढें एक केळें तेवढें ठेवलें. सहा वर्षांत त्यांनीं आजीला शिजवलेल्या अन्नाचा आग्रह कधीं केला नव्हता. आजीनें केळें घेतलें. मग तिनें आपण होऊन तबकांतले चिमूटभर पोहे उचलून तोंडांत टाकले आणि म्हणाली, “देवाचा प्रसाद आहे. नाहीं म्हणूं नये.” त्या काळच्या सोवळ्या विधवा बाईच्या दृष्टीनें ही गोष्ट केवढी होती, हें जुन्या घरांतल्या वाचकांना सांगण्याची गरज नाहीं. काकूंनीं वांकून तिच्या पायांवर डोकें ठेवलें. दुसऱ्या दिवशीं जलंबच्या गाडींत बसेपर्यंत दोघी एकमेकींशीं फारसें बोलल्या नाहींत.

तीन महिन्यांनीं बीरशेबाहून पत्र आलें. शुद्ध मराठींत, काकूंच्या गोल अक्षरांत. चहूंकडे वाळू, वारा, आणि एका जिन्यावर आठ बिऱ्हाडें. शेजारीं एक मोरोक्कोचें कुटुंब, एक रुमानियाचें. कोणाची भाषा कोणाला कळत नाहीं. नारळ औषधालाही मिळत नाहीं. पहिल्या शुक्रवारीं काकू जमिनीवर विळी घेऊन कांदे चिरावयास बसल्या, तेव्हां शेजारणी दारांत गोळा झाल्या. हें हत्यार कसलें, म्हणून एकीनें खुणेनें विचारलें. काकूंनीं तिला शेजारीं बसवून काकडी चोंचवून दाखविली. “तेव्हांपासून आमची ओळख झाली,” असें त्यांनीं लिहिलें होतें. “आजींना सांगा, घर बसलें.” हें वाक्य वडिलांनीं आजीला दोन वेळां वाचून दाखविलें.

पुढें पत्रें विरळ होत गेलीं आणि आजी गेल्यावर थांबलीं. त्यांचीं नातवंडें आतां हिब्रू बोलत असतील. तथापि तेथील आपल्या लोकांनीं ‘मायबोली’ नांवाचें मराठी त्रैमासिक काढलें, आणि मलिदा तेथेंही होतो, हें वाचून मला समाधान वाटलें. येथें मात्र संख्या ओसरली. १९५१ च्या शिरगणतींत साऱ्या भारतांत सुमारें सव्वीस हजार यहुदी होते. २०११ च्या शिरगणतींत साडेचार हजारांच्या आसपास राहिले. महाराष्ट्र सरकारनें २०१६ सालीं त्यांना अल्पसंख्याक समाजाचा दर्जा दिला.

त्या रात्रीं ओसरीवर बसून या साऱ्याचा विचार केला, तेव्हां माझ्या बत्तीस कलमांचा ताठा उतरला. त्या लोकांचे ग्रंथ बुडाले, भाषा बुडाली, मंदिर नव्हतें, धर्मगुरु नव्हता; तरी तें घर हरवलें नाहीं. कारण जें राहिलें तें आठवड्याच्या वारांत, चुलीच्या राखेंत आणि दाराच्या चौकटींत मुरलेलें होतें. तें पाळावयास पंडित लागत नव्हता. आणि जें थोडें होतें त्याला त्यांनीं ढळूं दिलें नाहीं. नोकरीनें पुरुषाचा शनिवार मोडला तरी घराचा मोडूं दिला नाहीं. आम्हीं मात्र पुष्कळ धरून ठेवतों आणि त्यांतलें एकही घट्ट धरीत नाहीं. माझ्याच घरांत संध्याकाळीं दिवा लागतो त्या वेळीं चौघेजण चार खोल्यांत चार पडद्यांपुढें असतात. हें कलम माझ्या यादींत कोठेंही नव्हतें!

सकाळीं मीं सूनबाईला हांक मारली व तीं चार पानें परत मागितलीं. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चारच ओळी लिहिल्या. संध्याकाळीं दिवा लावावा, व त्या वेळीं घरांत असतील त्यांनीं दोन मिनिटें एकत्र उभें राहावें. आठवड्यांतून एक जेवण सर्वांनीं जमिनीवर एका पंगतींत, मराठींत बोलत करावें. कुलधर्माला नवरात्रांत येथें यावें. न जमलें तर तेथें निदान घट बसवावा. दारीं आलेल्याला त्याचें व्रत मोडावें लागेल असा आग्रह करूं नये. चौथी ओळ वाचून ती माझ्याकडे पाहूं लागली. “ही कोणत्या पोथींतली?” तिनें विचारलें. मीं अंगणापलीकडे बोट दाखविलें व तिला ही सारी हकीकत सांगितली.

सामान बांधतांना आमच्या सौभाग्यवतीनें आजीची विळी तिच्या पेटींत घातली. चिरंजीव म्हणाले, “आई, तेथें ओट्यावर उभ्यानें काम करावें लागतें. ही कोठें ठेवावयाची?” सूनबाईनें ती काढूं दिली नाहीं. गेल्या महिन्यांत तिचा फोन आला. रविवारीं स्वयंपाकघरांत वर्तमानपत्र पसरून तिनें विळीवर पहिला नारळ खवला; अर्धा खोबऱ्याचा कीस जमिनीवर सांडला, आणि शेजारची तामीळ बाई तो उचलावयास धांवून आली. आतां त्या दोघी शनिवारीं संध्याकाळीं एकत्र भाजी आणावयास जातात, असें तिनें सांगितलें.